थकबाकी

पतसंस्थेच्या वसुली विभागात सव्वीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. दार उघडणाऱ्याचा चेहरा पाहिला की त्याचे किती हप्ते थकलेत ते कळतं. ‘पुढच्या महिन्यात नक्की’ म्हणताना नजर कुठं जाते, पाणी आणायला आत गेलेली बायको बाहेर का येत नाही, जामीनदार आपल्याला पाहून रस्ता का ओलांडतो, हे सगळं मला पाठ आहे. आणि माझ्याच घरात, दारामागच्या मांडणीच्या तळाच्या कप्प्यात, निळ्या कॅनव्हासच्या बुटांचा एक जोड नऊ वर्षं पडून होता. माझा नव्हता. परत द्यायचा होता. कुणी मागायला आलं असतं, तर मीही ‘पुढच्या महिन्यात नक्की’ असंच म्हटलं असतं.

हे बूट घरात आले ते आईच्या एका हट्टापायी.

आईचं माहेर मेढ्याजवळ, वेण्णेच्या काठी. लग्न होऊन ती साताऱ्यात आली, म्हणजे पुन्हा वेण्णेच्याच अंगाला. फक्त माहेर नदीच्या मधल्या टप्प्यात आणि सासर तिच्या शेवटाला. साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. लहानपणी जिच्यात कपडे बडवले, गाई पाजल्या, ती नदी सुरू कुठं होते हे मात्र आईनं सत्तरी गाठेपर्यंत पाहिलेलं नव्हतं. महाबळेश्वरला ती एकदाच गेली होती, तेही वऱ्हाडाच्या गाडीतून, आणि देवळाच्या पुढं कुणी तिला नेलं नव्हतं.

वेण्णेची गोष्ट ती स्वतःच्या पद्धतीनं सांगायची. ब्रह्मदेवानं यज्ञ मांडला, सावित्रीला यायला उशीर झाला, तर हा बाबा दुसरीला शेजारी घेऊन बसला. सावित्रीनं शाप दिला : व्हा सगळे नद्या. विष्णूची कृष्णा झाली, महादेवाची वेण्णा, ब्रह्मदेवाची कोयना. ‘बायकोची वाट बघायला काय झालं होतं?’ असं विचारून आई गोष्ट संपवायची. मग म्हणायची, ‘आमचा महादेव लिंगमळ्याला कड्यावरून उडी मारतो म्हणे. एकदा बघायला पाहिजे.’

सप्टेंबर २०१४ मधल्या एका रविवारी आम्ही निघालो. आई, मी आणि माझी सात वर्षांची लेक. ह्यांना सुट्टी नव्हती. एसटीनं मेढ्यावरून गेलो, कारण आईला नदीच्या उलट्या अंगानं जायचं होतं. कण्हेर धरण, मेढा, केळघर आणि मग घाट. घाटात उतारावर सोनकी पिवळीधमक फुललेली होती, बांधाबांधाला तेरडा. आई खिडकीला नाक लावून बसली होती. मेढं मागं पडलं तेव्हा तिनं कुणाला तरी हात केला. रस्त्यावर कुणी नव्हतं.

थंडी वाजेल म्हणून तिच्या अंगात मी घेऊन दिलेला शेवाळी रंगाचा स्वेटर होता. दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला, चांगला लोकरीचा. त्याचं वरून तिसरं बटण तुटलं होतं आणि मला तसं मिळेना, म्हणून मी ह्यांच्या जुन्या कोटाचं काळं, मोठं बटण तिथं लावलं होतं. आईला ते दृष्ट लागू नये म्हणून लावलेल्या तीटेसारखं वाटायचं.

महाबळेश्वरच्या स्टँडवरून जीपनं वेण्णा तलावाच्या पुढं, पाचगणी रस्त्याला लिंगमळा. हा तलाव साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतला. लेकीला तिथल्या होड्यांत बसायचं होतं. आईनं तलावाकडे एकदा पाहिलं आणि ‘हे साठवलेलं पाणी’ असं म्हणून निकाली काढलं. तिला पडणारं पाणी हवं होतं.

लिंगमळ्याची वाट कुणालाही जमण्यासारखी आहे. नाक्यावर पावती फाडायची आणि चालायला लागायचं. एक-दीड किलोमीटर, लहान पोरासोबत अर्धा-पाऊण तास. वाट रुंद, मळलेली, जांभ्याच्या तांबड्या मातीची. पण दहा पावलांत उजेड बदलतो. दोन्ही बाजूंनी जांभूळ, पिसा, गेळा, हिरडा, अंजनी. ही झाडं फार उंच होत नाहीत, पण एकमेकांच्या खांद्यावर हात टाकल्यासारखी दाटीवाटीनं उभी असतात. खाली कारवीचं रान. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि एकोणीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतका. त्यामुळं इथल्या खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांवर आणखी काहीतरी असं सगळं एकमेकांच्या जिवावर जगत असतं. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात हिवतापावरच्या औषधासाठी इथं सिंकोनाची लागवड करून पाहिली. तो प्रयोग फसला. बाहेरून आणलेलं झाड गेलं आणि इथली अंजनी तेवढी राहिली.

लेक अचानक एका खोडापाशी थांबली. राखाडी-पांढरी, कडा दुमडलेली पापुद्र्यांची नक्षी सालीला चिकटली होती. ‘आजी, हे तुझ्या मसाल्यातलं!’ खरंच दगडफूल होतं. आईनं आयुष्यभर गोड्या मसाल्यात दगडफूल घातलं, तोळ्यावर मोजून, महाग म्हणून जपून. ते झाडावरही असतं आणि फूल तर नव्हेच, हे तिला बहात्तराव्या वर्षी नातीनं दाखवलं. तिनं नाक लावून वास घेतला. ‘ओल्याला वास नसतो गं,’ म्हणाली, जरा फसवलं गेल्यासारखी.

आणि तिथंच माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटला.

नुसता सुटला नाही, त्याचा भुगा झाला. हे बूट मी सहा वर्षांपूर्वी ऑफिसच्या सहलीसाठी घेतले होते, दोनदा वापरले होते आणि जपून खोक्यात ठेवले होते. नंतर साताऱ्यातल्या चांभारमामांनी ते हातात घेऊन सांगितलं, ‘ताई, वापरले असते तर टिकले असते.’ या बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा फोम असतो. तो हवेतली ओल धरतो आणि खोक्यात बसल्या जागी आतून कुजत जातो. बाहेरून नवा दिसतो. माझ्या वसुलीच्या यादीत अशी खाती पुष्कळ आहेत. पण त्या वेळी मला काही सुचत नव्हतं. दुसऱ्या पावलाला डावाही गेला. मी चिखलात, पायमोज्यांवर, एका हातात लेक आणि दुसऱ्यात बुटांची कलेवरं घेऊन उभी. आई हसत होती. मदत करण्याआधी हसून घ्यायची तिची जुनी सवय.

‘आवं ताई, तसंच हुबं ऱ्हावा. काटं हायती तितं.’

पुढं वाट दुभंगते. एक फाटा छोट्या धबधब्याकडे उतरतो, दुसरा मोठ्या धबधब्याच्या कठड्याकडे जातो. त्या फाट्यावर निळ्या प्लॅस्टिकच्या कागदाखाली शेगडी, कणसांचा ढीग आणि एक मावशी. पन्नाशीची असेल. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर पोत्याची खोळ. तिनं बसायच्या फळीखाली हात घातला आणि निळ्या कॅनव्हासच्या बुटांचा जोड काढला. आत वर्तमानपत्राचे बोळे ठासून भरलेले होते, बूट कोरडे ठणठणीत.

‘ह्ये घाला.’

मला ते एक नंबर मोठे होत होते. ‘म्होरला कागुद तसाच ऱ्हाऊ द्या, मग बसत्याल,’ ती म्हणाली. बसले. मी पर्स उघडली. तिनं पर्सकडं असं पाहिलं की मी ती मिटली.

‘याल तवा द्या परत. बुटाला काय खायाला लागतंय?’

तेवढ्यात लेक किंचाळली. तिच्या पोटरीला जळू चिकटली होती, काळी, करंगळीएवढी फुगलेली. मी ओढायला हात पुढं केला, तर मावशीनं माझ्या हातावर चापट मारली. ओढली की तोंड आतच राहू शकतं आणि जखम चिघळू शकते. तिनं कणसाला लावायचं मीठ चिमटीत घेऊन जळूवर टाकलं. जळू आकसली, गळून पडली. मग त्याच मिठाचा आणि त्याच लिंबाचा हात तिनं एका कणसावर फिरवला आणि ते लेकीच्या हातात दिलं. रडणं जागच्या जागी थांबलं. पुढची कित्येक वर्षं माझी लेक भाजलेल्या कणसाला ‘जळूचं कणीस’ म्हणायची. परक्यांसमोरही.

छोट्या धबधब्यापर्यंत आई आली. तिथं वेण्णा अजून मोठी झालेली नसते. खडकाच्या पायऱ्यांवरून खेळत, घोट्याएवढ्या पाण्यानं उतरते. पाऊस जोराचा नसेल तर लहान पोरांना काठाशी पाय बुडवून बसता येतं. शेवाळलेल्या दगडावर तेवढं उभं राहू द्यायचं नाही. आई बसली. लुगडं वर घेतलं, पाय पाण्यात सोडले, ओंजळभर पाणी डोक्याला लावलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती म्हणाली, ‘आमच्याकडं येईपर्यंत ही किती घाण होते बघ.’

फाट्यावर परत आल्यावर तिचे गुडघे बोलायला लागले. ‘तुम्ही जाऊन या मोठ्याकडं. मी बसते ह्यांच्यापाशी.’ ती मावशीच्या शेजारी फळीवर बसली आणि दोन वाक्यांत तिची भाषा माहेरी गेली. एरवी साताऱ्याच्या पेठेतलं शुद्ध बोलणारी माझी आई ‘व्हय की’ आणि ‘आगं बया’ करायला लागली. आम्ही वळणाआड जाईपर्यंत दोघींचा वाद रंगला होता : कारवी शेवटची कधी फुलली. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि या डोंगरातल्या बायका बाळंतपणं, लग्नं, सासूंचे मृत्यू तिच्या फुलण्यावर मोजतात. ‘माझी थोरली पोटात हुती तवा’ आणि ‘न्हाई न्हाई, त्याच्या आदल्या बारीला’. मध्येच दोघी एकदम हसल्या.

मोठ्या धबधब्याच्या कठड्याशी मी आणि लेक पोचलो, आणि समोर काहीही नव्हतं. पांढरं धुकं. कठड्याच्या पलीकडं जग संपलेलं. पण आवाज असा की छातीत घुमावा. पाचशे-सहाशे फुटांचं पाणी समोर कुठंतरी कोसळत होतं आणि आम्हाला त्याचा एक थेंब दिसत नव्हता. ज्यांना लिंगमळ्याला पोरांना न्यायचं आहे त्यांना मी अनुभवानं सांगते : ऐन पावसाळ्यात धबधबा ऐकायला मिळतो, बघायचा असेल तर पाऊस ओसरू द्या आणि पाणी आटायच्या आत जा. आम्ही गेलो ते दिवस खरं म्हणजे चांगले. पण धुकं कॅलेंडर पाहून येत नाही. वीस मिनिटं थांबून आम्ही परतलो.

‘काहीच दिसलं नाही, आजी! नुसता आवाज.’

‘मग मला जे हितं बसून ऐकू आलं, तेच तुम्ही तिकडं जाऊन ऐकून आलात,’ आई म्हणाली. मावशी खो खो हसली. त्या हसण्यावरून मला कळलं की माझ्या मागं इथं बरंच काही बोलणं झालं आहे.

घरी पोचल्यावर स्वेटर नव्हता. मी आईला विचारलं, तर ती कपाटात बघायला लागली. ‘एसटीत राहिला असेल.’ मी चिडले. लोकरीचा होता, माझ्या बोनसचा होता. दोन दिवस मी बोलत होते. विसरभोळेपणा, वय, वस्तूची किंमत नसणं, सगळं निघालं. आगाराच्या चौकशी खिडकीवर जाऊन सापडलेल्या वस्तूंत पाहून आले. तिथं चौदा छत्र्या आणि एक बाळाचं झबलं होतं. आई काही बोलली नाही. त्या हिवाळ्यात ती शाल घेऊन बसायची.

बूट मात्र राहिले. ऑक्टोबरमध्ये देऊन येऊ म्हटलं, तर मार्चअखेरीच्या ऐवजी त्या वर्षी लेखापरीक्षण लवकर लागलं. मग लेकीची शाळा. मग असंच. मे २०१६ मध्ये पतसंस्थेच्या सहलीनं लिंगमळ्याला गेले, पण सहल अचानक ठरली आणि बूट घरीच होते. मावशीही नव्हती, उन्हाळ्यात कणसं कुठून येणार? धबधबाही नव्हता. काळ्या कड्यावर एक ओली रेघ, बस्स. सगळे हिरमुसले, मी मात्र बघत राहिले. पाणी नसलं की कडा दिसतो. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला, त्याचे थर आडव्या पट्ट्यांनी एकावर एक. खातेवहीची पानं कडेनं पाहावीत तसे. नदी रोज त्यावरून जाते आणि रोज थोडं खरवडून नेते.

बुटांची काळजी आईच घ्यायची. दर दिवाळीच्या आवराआवरीत ती ते गच्चीवर उन्हात ठेवायची, आतला कागद बदलायची, पुन्हा तळाच्या कप्प्यात. ‘अजून दिले नाहीस का?’ असं तिनं एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, माझी लाज राखते.

जानेवारी २०१९ मध्ये आई गेली. दहावा संगम माहुलीला केला. माहुलीला सातारकर कितीतरी कारणांनी जातात. रामशास्त्री प्रभुणे तिथले, घाटावर विश्वेश्वराचं देखणं देऊळ आहे, शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधीसुद्धा आहे. मी पिंडाला कावळा शिवायची वाट बघत बसले होते आणि दोन रंगांची पाणी एकमेकांत मिसळताना बघत होते. कृष्णा कुठली आणि वेण्णा कुठली हे मला चटकन कळलं. आई असती तर म्हणाली असती, ‘बघ, किती घाण झाली.’

मग करोना. मग जुलै २०२१. महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, केळघर घाटात दरडी आल्या, मेढ्याच्या वरची कितीतरी शेतं वाहून गेली. त्या बातम्या बघताना मला त्या फाट्यावरच्या निळ्या कागदाची आठवण झाली. मावशीचं नाव मला माहीत नव्हतं. गाव विचारलं नव्हतं. जामीनदार नाही, पत्ता नाही, कागद नाही. अशी थकबाकी आमच्याकडं निर्लेखित करतात, म्हणजे वहीतून काढून टाकतात. वहीतून काढली तरी वसुली सोडायची नसते, हा नियम मी नव्या पोरांना शिकवते.

सप्टेंबर २०२३. लेक सोळाची झाली होती, आणि ती आली ती फोटोंसाठी. मी बूट धुतले, वाळवले, नवे कागद भरले आणि पिशवीत घातले. सोबत एक साडी घेतली. तीनदा पिशवीतून काढून परत ठेवली. उसनं परत करताना वर काही द्यावं की नाही, दिलं तर ते व्याज होतं का, याचा मी एवढा विचार कधीच केला नव्हता.

फाट्यावर निळा कागद होता. शेगडीपुढं मात्र तरणी बाई बसली होती, आणि कणसांशेजारी खांबाला पैसे भरायच्या चौकोनाची पाटी लटकलेली. माझा जीव खाली गेला. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘ताई, काटं हायती, जपून.’

मावशी मागं प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. वाळली होती, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. ही सून, धंदा आता तिच्याकडं. मला तिनं ओळखलं नाही. मी पिशवीतून बूट काढले. ती बुटांकडं पाहत राहिली, मग माझ्याकडं, मग पुन्हा बुटांकडं.

‘जळूवाल्या!’ तिनं मांडीवर थाप मारली. ‘वेण्णाकाठच्या आजींची लेक!’

लेकीनं कपाळाला हात लावला आणि मोठ्या धबधब्याच्या वाटेला लागली. मावशीनं सुनेला हटकून मला आपली खुर्ची दिली आणि स्वतः फळीवर बसली. मी साडी पुढं केली, भाषण सुरू केलं : तुमचे बूट, इतकी वर्षं, मला फार लाज वाटते.

‘माजं कुटलं?’ ती म्हणाली. ‘त्ये तर कुनाचं तरी राह्यलेलं. पुण्याकडची पोरं हुती. भिजलं म्हून काडून ठिवलं आन इसरून गेली. आदल्या सालची गोष्ट. म्या वाळवून ठिवलं, येत्याल तर देऊ.’

म्हणजे मी नऊ वर्षं जिचं देणं लागत होते, तिचे ते बूट नव्हतेच. ज्यांचे होते त्यांना पत्ताही नाही. आमच्या व्यवसायात बोगस कर्जाचा कर्जदार खोटा असतो. इथं उलटं. रक्कम खरी, कर्जदार खरा, सावकार कुणी नाही.

‘आन त्येचं पैसं तर तवाच फिटलं की,’ मावशी म्हणाली. ‘वाईच उटा.’

मी उठले. खुर्चीवर घडी घालून ठेवलेलं काहीतरी होतं, बसायला मऊ म्हणून. मी त्यावरच बसले होते. तिनं ते उचलून झटकलं. रंग उडून मातकट झाला होता, कोपरांवर ठिगळं होती. पण वरून तिसरं बटण काळं होतं, मोठं, कोटाचं.

‘तुमच्या आईनी अंगातनं काडून दिला. म्या नगं म्हनत हुते. म्हनल्या, तुजी पोरगी बाळंतीन हाय घरात, थंडीत बसती, घिऊन जा. माज्या थोरलीनं दोन हिवाळं घाटला. मग म्या.’ ती थांबली. ‘म्हनल्या, माज्या लेकीला सांगू नगं. ती वसुलीत हाय, हिशेब करत बसंल.’

सून कणीस फिरवायची थांबली होती. शेगडीत एक दाणा फुटला.

‘आजी बऱ्या हायती न्हवं?’

मी सांगितलं. मावशीनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. मग तिनं विस्तव उकरला आणि स्वतःच्या हातानं दोन कणसं निवडून ठेवली. कोवळी, दाणे भरलेली. ती भाजेपर्यंत कुणी काही बोललं नाही. मला माझी ती दोन दिवसांची बडबड शब्दन्‌शब्द आठवत होती. वस्तूची किंमत नाही तुला, असं मी म्हटलं होतं. आई ओट्यापाशी उभी होती, पाठमोरी, आणि मसाल्याचा डबा पुसत होती.

‘दोघी हसत होतात,’ मी विचारलं, ‘आम्ही पाठ फिरवल्यावर. कशाला?’

मावशी आठवायला लागली. बराच वेळ. ‘आता काय ध्येनात न्हाई बगा. पर लई हासलो हुतो.’

मी मोठ्या धबधब्याकडं गेले नाही. तिथंच बसून राहिले. त्या दिवशी वारा पाचगणीच्या अंगाचा होता आणि आवाज कधी जवळ यायचा, कधी लांब जायचा. लेक धावत आली. ‘आई, दिसला! पूर्ण दिसला! धुकंच नव्हतं.’ तिनं फोन आम्हा तिघींपुढं धरला. एवढ्याशा काचेत आमचा महादेव उडी मारत होता. कड्याच्या आडव्या थरांवर आपटून फुटत, आणि मध्येच वाऱ्यानं उलटा वर उडत. मावशीनं चष्म्यातून फोन डोळ्याला लावला. तीस पावसाळे इथं बसूनही, शेगडी सोडून, तिनं तो फार वेळा पाहिलेला नव्हता.

साडी तिनं घेतली. सुनेला दाखवली, रंग बरा आहे म्हणाली. बूट तिनं परत फळीखाली ठेवले, कागद नीट ठासून. ‘कुनाला तरी लागत्यालच.’ मी स्वेटरबद्दल काही बोलले नाही. तिनं तो घडी घालून खुर्चीवर ठेवला, बटण वरच्या बाजूला येईल असा.

दोन कणसांचे ऐंशी रुपये झाले. चौकोनाच्या पाटीला रानात रेंज नव्हती. मी शंभराची नोट दिली, तिच्याकडं सुटे नव्हते. सुनेनं डबा उलटा केला, पंधराच निघाले.

‘राहू दे हो मावशी,’ मी म्हटलं.

‘न्हाई न्हाई, राहू दे कसं?’ तिनं पंधराही परत डब्यात टाकले. ‘वीस रुपयं तुमचं माज्याकडं. याल तवा घ्या.’

‘बरं,’ मी म्हटलं, आणि कणीस खात लेकीच्या मागं चालायला लागले.